शेवाळाच्या वेषातील समुद्री गोगलगायी आणि एका नावाआड दडलेल्या अनेक प्रजाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायींविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न ‘ही हिरवी का दिसते’ आणि ‘हिचे नाव काय’ या दोन वळणांवर येऊन थांबतात. ही दोन वळणे मुळात एकाच वाटेवरची आहेत, कारण ज्या हिरव्या वेषामुळे हे प्राणी माशांच्या नजरेतून सुटतात, त्याच वेषामुळे त्यांच्या कित्येक प्रजाती अभ्यासकांच्या नजरेतूनही वर्षानुवर्षे सुटत राहिल्या.

या नेमक्या कोणत्या गोगलगायी आहेत?

यांना शास्त्रीय भाषेत सॅकोग्लोसा म्हणतात. शंखाच्या गोगलगायींच्याच त्या नातलग आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकींनी शंख सोडून दिलेला आहे. सुमारे तीनशे प्रजातींना आजवर नावे मिळाली आहेत. बहुतेकींची लांबी काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर एवढीच असते. ‘सॅकोग्लोसा’ याचा शब्दशः अर्थ ‘पिशवीची जीभ’ असा आहे. या प्राण्यांच्या तोंडात दातांची एकच रांग असते, एका वेळी एकच दात कामाला येतो, आणि झिजलेला दात टाकून न देता तोंडातल्याच एका लहान पिशवीत साठवला जातो.

त्या शेवाळ खातात म्हणजे चावून खातात का?

नाही, त्या शेवाळाचा रस शोषतात. ब्रायोप्सिस नावाचे पिसासारखे हिरवे शेवाळ बशीत घेऊन त्यावर एखादी भुकेली गोगलगाय ठेवली आणि भिंगातून पाहिले, तर सारा प्रकार स्वच्छ दिसतो. ती पायाच्या दोन्ही कडा जुळवून शेवाळाचा एक तंतू पन्हाळीत धरावा तसा धरते, तोंड टेकवते, सुरीच्या पात्यासारख्या दाताने त्याला चीर पाडते आणि घशाच्या स्नायूंनी आतला द्रव ओढू लागते. तंतूतला हिरवा रंग तोंडाच्या दिशेने सरकत जातो आणि मागे काचेच्या नळीसारखे पारदर्शक कवच उरते. थोड्याच वेळात गोगलगायीच्या पाठीत शिरांसारख्या पसरलेल्या पचनग्रंथीच्या फांद्या गडद हिरव्या होतात.

ही युक्ती साधते, कारण यांतील बहुतेकींच्या आवडीचे शेवाळ म्हणजे एकेक प्रचंड पेशी असते. कॉलर्पा या शेवाळाला खोडासारखा, पानासारखा आणि मुळासारखा भाग असतो, तरीही ते आतून कुठेही भिंत नसलेली, कधी कधी मीटरभराहून लांब वाढणारी एकच पेशी असते. तिला एका जागी चीर पाडली की मोठा साठा हाती लागतो. मोजक्या प्रजातींनी मात्र शेवाळ पूर्ण सोडले असून त्या इतर समुद्री गोगलगायींची अंडी खाऊन जगतात.

त्या इतक्या बेमालूम लपतात कशा?

सर्वांत सोपा भाग रंगाचा आहे. शोषलेल्या रसात शेवाळाची हरितलवके असतात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारी हिरवी सूक्ष्म अंगके. ती पचनग्रंथीच्या फांद्यांमध्ये भरली जातात, आणि त्वचा जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे शेवाळाचा रंग हाच प्राण्याचा रंग होतो. रंग तयार करण्याची वेगळी यंत्रणा लागत नाही. जे खाल्ले तेच अंगावर दिसते. म्हणूनच युरोपच्या किनाऱ्यावरची एलिसिया व्हिरिडिस एरवी हिरवी असली, तरी लाल शेवाळावर वाढली की तांबूस दिसते, आणि हर्मिया वंशातल्या (वंश म्हणजे जवळच्या नात्याच्या प्रजातींचा गट) लाल शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी लालसरच असतात. उपाशी ठेवल्यास बहुतेक प्रजाती काही दिवसांत फिकट पडतात.

रंग उसना असला तरी आकार उसना नसतो, आणि माझ्या मते खरे नवल आकाराचे आहे. एलिसिया वंशातील गोगलगायींच्या दोन्ही बाजूंना पानासारख्या पातळ पाळी असतात; त्या मिटल्या की प्राणी गुंडाळलेल्या पानासारखा आणि उघडल्या की पसरलेल्या पानासारखा दिसतो. हॅलिमेडा या चुनखडीयुक्त, चपट्या चकत्यांच्या शेवाळावर राहणारी एलिसिया पुसिला स्वतःही इतकी चपटी असते की चकतीवर ती बसलेली आहे हे कडेची बारीक रेषा दिसेपर्यंत कळत नाही. कोस्टासिएला वंशाच्या पाठीवर टोकदार पानांसारखी उपांगे ओळीने उभी असतात. सॅकोप्रोटियस वंशातल्या गोगलगायींच्या पाठीवरची उपांगे तर गोल, फुगीर आणि हिरव्या मण्यांसारखी असतात. कॉलर्पाच्या ज्या प्रकारांना द्राक्षांसारखे घोस येतात, ओकिनावात ज्याला ‘उमिबुदो’ म्हणजे सागरी द्राक्षे म्हणून आवडीने खाल्ले जाते त्या प्रकारच्या शेवाळाचा एक घोस सावकाश चालू लागावा, असे हा प्राणी सरकताना वाटते.

यापुढे वागणुकीचाही वाटा आहे. आपल्या शेवाळावर या गोगलगायी फारशा हलत नाहीत, आणि हलल्या तरी पाण्याच्या हेलकाव्याबरोबर हलतात.

समुद्री गोगलगायींचे भडक रंगांचे फोटो नेहमी दिसतात. मग या लपतात कशासाठी?

ते भडक फोटो बहुधा न्यूडिब्रँक गटाचे असतात. त्यांतील अनेक प्रजाती स्पंज किंवा तत्सम प्राणी खाऊन त्यांतले विषारी पदार्थ अंगात साठवतात, आणि त्यांचा भडक रंग ही शिकाऱ्याला दिलेली ताकीद असते. शेवाळभक्षी गोगलगायींकडेही रसायने असतात. कॉलर्पातील विषारी द्रव्य रूपांतरित करून त्या स्वतःच्या बचावासाठी वापरतात, आणि ऑक्सिनोईसारख्या काही प्रजाती डिवचल्यावर दुधाळ स्राव सोडतात, प्रसंगी शेपूटही तोडून टाकतात. तरीही बहुतेकींचा पहिला बचाव लपण्याचाच असतो. अपवाद आहेतच : प्लासिडा क्रेमोनियाना ही पिवळ्या-नारिंगी अंगावर काळ्या खुणा मिरवणारी चिमुकली गोगलगाय अजिबात लपत नाही.

‘दडलेली प्रजाती-विविधता’ म्हणजे काय?

दोन किंवा अधिक प्रजाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की त्या एकाच नावाखाली नोंदल्या जातात, परंतु त्यांचा आपसांत संकर होत नसतो आणि त्यांच्या वंशरेषा लाखो वर्षांपासून वेगळ्या चालत आलेल्या असतात. अशा प्रजातींना गूढ किंवा छुप्या प्रजाती म्हणतात. असे प्रकार समुद्रातल्या अनेक मऊ अंगाच्या प्राण्यांत आढळतात. शेवाळभक्षी गोगलगायींत मात्र त्यामागे तीन खास कारणे एकत्र येतात.

पहिले कारण वर सांगितलेच आहे. रंग खाण्यातून आलेला असेल, तर रंग सारखा असणे हा नात्याचा पुरावा ठरत नाही. एकाच जातीच्या शेवाळावर राहणाऱ्या दोन वेगळ्या प्रजाती सारख्या हिरव्या दिसतील, आणि एकाच प्रजातीचे दोन प्राणी वेगवेगळ्या शेवाळांवर वेगळे दिसतील. गणवेश पाहून नाते ओळखायला जावे तशीच ही चूक आहे.

दुसरे कारण आकाराशी निगडित आहे. शेवाळाच्या घोसासारखे दिसणे ज्या ठिकाणी फायद्याचे ठरते, त्या ठिकाणी वेगळे दिसू लागलेला प्राणी माशाच्या तोंडी लवकर जातो. त्यामुळे एका प्रजातीच्या दोन झाल्या तरी दोघींचा साचा तोच राहतो. आतून फरक साठत जातात, बाहेरून मात्र नैसर्गिक निवड त्यांना एकाच रूपात बांधून ठेवते.

तिसरे कारण प्रयोगशाळेतले आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. हा प्राणी अल्कोहोलमध्ये बुडवला की त्याचा हिरवा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, पाळी आक्रसतात, उपांगे गळतात, आणि उरतो तो एक फिकट, सुरकुतलेला गोळा. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात अनेक प्रजातींची वर्णने अशाच नमुन्यांवरून, कधी एखाद-दुसऱ्या नमुन्यावरून झाली. जावापासून कॅरिबियनपर्यंतचे असे गोळे शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच नावाचे वाटल्यास त्या अभ्यासकांना दोष देता येणार नाही.

याचे एखादे ठोस उदाहरण आहे का?

सर्वांत बोलके उदाहरण २०१३ सालचे आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे पॅट्रिक क्रुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदूरच्या समुद्रांत सापडणाऱ्या तीन ‘प्रजाती’ तपासायला घेतल्या : प्लाकोब्रँकस ओसेलॅटस, एलिसिया ऑर्नाटा आणि एलिसिया टोमेंटोसा. मायटोकाँड्रिया या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकातील एक जनुक आणि पेशीकेंद्रातील हिस्टोन-३ हे जनुक यांची तुलना करून, तिला शरीररचना आणि प्रजननाच्या लक्षणांची जोड दिल्यावर या तीन नावांखाली तब्बल वीस संभाव्य प्रजाती दडलेल्या असल्याचे दिसले.

त्यांपैकी दहा एकट्या प्लाकोब्रँकस ओसेलॅटस या नावाखाली होत्या. हे नाव १८२४ सालचे आहे. ही गोगलगाय वरून वाळूच्या रंगाची आणि ठिपक्याठिपक्यांची असते. पाठीवर मिटलेल्या पाळींच्या आत मात्र हिरव्यागार घड्यांची रांग लपलेली असते. ती वाळूवर वावरते, म्हणून तिचे मायावरण शेवाळाचे नसून वाळूचे असते. वंशात हीच एक प्रजाती आहे असे गृहीत धरून साठ वर्षांहून अधिक काळ हरितलवकांवरचे प्रयोग तिच्यावर होत आले. एका प्रयोगशाळेतली ‘ओसेलॅटस’ आणि दुसऱ्या समुद्रातून आणलेली ‘ओसेलॅटस’ हे दोन निराळे प्राणी असू शकतात हे लक्षात आल्यावर, त्या प्रयोगांचे न जुळणारे निष्कर्ष नव्या नजरेने पाहावे लागतात.

एलिसिया ऑर्नाटा उष्ण कटिबंधातल्या सर्व महासागरांत आढळते असे मानले जाई. त्या नावाखाली कॅरिबियनमधल्या एका प्रजातीखेरीज हिंद व प्रशांत महासागरांत चार संभाव्य प्रजाती निघाल्या. उरलेल्या सहा एलिसिया टोमेंटोसाच्या गटातल्या आहेत, आणि त्यांचा संबंध कॉलर्पा शेवाळाशी आहे.

सागरी द्राक्षांसारख्या दिसणाऱ्या गोगलगायीचे काय?

तिचे वर्णन जपानी अभ्यासक किकुतारो बाबा यांनी १९४९ मध्ये स्टिलिगर स्मॅराग्डिनस या नावाने केले. स्मॅराग्डिनस म्हणजे पाचूच्या रंगाची. नाव सुंदर आहे, आणि ते बराच काळ जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सर्व ‘चालत्या द्राक्षांना’ लावले गेले. २०१८ मध्ये क्रुग यांच्या गटाने या प्राण्यांसाठी सॅकोप्रोटियस हा नवा वंश स्थापन केला आणि जुन्या नावाखाली दडलेल्या काही प्रजातींना स्वतंत्र नावे दिली. कॉलर्पाची अनुकृती इतकी पक्की आहे की पाण्याखाली पोहणारा माणूस घोस पाहून पुढे निघून जातो. आणि घोसातला प्राणी सापडला तरी तो कोणत्या प्रजातीचा आहे हे बाह्यरूपावरून सांगणे अवघड जाते.

दिसण्यावर भरवसा नसेल, तर प्रजाती ओळखतात कशावरून?

जिवंत प्राण्याचे अनेक बाजूंनी काढलेले फोटो, पाठीवरच्या शिरांची मांडणी, दाताचा आकार, जननेंद्रियाची रचना, आणि तो कोणत्या शेवाळावर सापडला ही नोंद, हे सारे एकत्र पाहिले जाते. अंड्यांची गुंडाळीही बरेच सांगते. पुष्कळ एलिसिया प्रजातींच्या अंड्यांच्या फितीत अंड्यांच्या बाहेर पिवळ्या-नारिंगी बलकाचा वेगळा धागा असतो, आणि त्याची मांडणी प्रजातीप्रजातीत बदलते. अंड्यातून बाहेर पडणारी अळी आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत अन्न खाते, की न खाता लवकर तळाशी बसते, हा फरकही महत्त्वाचा आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची अल्डेरिया या बाबतीत मोठी शिकवण देऊन गेली. खाडीच्या चिखलावर व्हाउचेरिया शेवाळाच्या मखमली थरात राहणारी ही गोगलगाय कधी अन्न खाणाऱ्या अळ्या देते, कधी न खाणाऱ्या, हे कोडे होते. पुढे असे निघाले की अल्डेरिया मोडेस्टा या एका नावाखाली दोन प्रजाती होत्या. २००७ मध्ये दक्षिणेकडच्या प्रजातीचे अल्डेरिया विलोवी असे नामकरण झाले. अन्न खाणाऱ्या अळ्याच देणारी ती मोडेस्टा, आणि दोन्ही प्रकारच्या अळ्या देऊ शकणारी ती विलोवी. म्हणजे कोड्याचा एक भाग चुकीच्या नावातून आलेला होता आणि दुसरा भाग खरोखरच विलक्षण होता.

डीएनए वेगळा आला की प्रजाती वेगळी मानायची का?

एवढ्या एका आधारावर मानू नये. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि तो अनेकदा प्राण्याच्या वंशावळीचा संपूर्ण इतिहास सांगत नाही. म्हणून पेशीकेंद्रातील जनुकांचा कौल घेतला जातो आणि मग शरीररचनेत जुळणारा फरक शोधला जातो. पुष्कळदा असा फरक आधीपासून समोरच असतो, फक्त तो महत्त्वाचा आहे हे कोणाला ठाऊक नसते. वर उल्लेखिलेल्या प्लासिडा क्रेमोनियानाचे असेच झाले. २०१९ मध्ये तिच्या एका नावाचे अनेक प्रजातींत विभाजन झाले. अशा प्रजातींना ‘अर्धगूढ’ म्हणणे योग्य ठरेल, कारण कुठे पाहायचे हे कळल्यावर त्या डोळ्यांनाही वेगळ्या दिसू लागतात. प्लासिडाच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते : भडक रंगाच्या गोगलगायींतही प्रजाती दडतात, तेव्हा सारा दोष मायावरणावर टाकता येत नाही.

नावे बदलल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

औषधांच्या शोधात फार फरक पडतो. हवाईमधील एलिसिया रुफेसेन्स या गोगलगायीत १९९३ मध्ये कहालालाइड-एफ हे कर्करोगविरोधी गुणांचे संयुग सापडले आणि त्याच्या रुग्णांवरील चाचण्याही झाल्या. हे संयुग तिच्यात ब्रायोप्सिस शेवाळातून येते, आणि २०१९ मध्ये असे सिद्ध झाले की शेवाळही ते स्वतः बनवत नाही; शेवाळाच्या आत राहणारा एक जीवाणू ते बनवतो. जीवाणू, शेवाळ आणि गोगलगाय अशी ही तिपेडी साखळी आहे. एलिसिया ऑर्नाटाच्या गटातही अशी संयुगे मिळण्याची शक्यता असल्याने, नमुना नेमक्या कोणत्या प्रजातीचा आहे हे ठाऊक नसेल तर तोच पदार्थ पुन्हा मिळेल याची खात्री उरत नाही.

दुसरा प्रश्न जैविक नियंत्रणाचा आहे. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे परके शेवाळ आढळले आणि पुढे ते विस्तीर्ण तळावर पसरले. ते खाण्यासाठी कॅरिबियनमधली एलिसिया सुबॉर्नाटा आणावी का, याचा गंभीरपणे अभ्यास झाला. अशा वेळी हाती असलेला प्राणी एका प्रजातीचा आहे की तीन प्रजातींचे मिश्रण आहे, त्याच्या अळ्या किती दूर वाहून जातात आणि तो आणखी काय खातो, हे ठाऊक नसताना तो नव्या समुद्रात सोडणे अत्यंत धोक्याचे ठरले असते.

या गोगलगायी खरोखर सूर्यप्रकाशावर जगतात का?

काही प्रजाती चोरलेली हरितलवके न पचवता पेशींमध्ये जिवंत ठेवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका या बाबतीत सर्वांत पुढे आहे; ती अन्नाशिवाय नऊ-दहा महिने तग धरू शकते. मात्र ‘प्राणी झाला वनस्पती’ असे जे म्हटले जाते ते अतिशयोक्त आहे. २०१४ मध्ये प्लाकोब्रँकस आणि भूमध्य समुद्रातील एलिसिया टिमिडा यांना अंधारात उपाशी ठेवले, तरी त्या दीर्घकाळ जगल्या; म्हणजे केवळ जगण्यासाठी प्रकाश अनिवार्य नव्हता. उलट २०२१ मधील अभ्यासात असे दिसले की चोरलेल्या हरितलवकांनी प्रकाशात तयार केलेल्या पदार्थांचा एलिसिया टिमिडाच्या प्रजननाला हातभार लागतो. मला सर्वांत पटणारी मांडणी अशी की हरितलवके हे चालते कोठार आहे : ती प्रकाशात थोडी कमाई करतात आणि अडचणीच्या वेळी स्वतःच अन्न होतात.

त्यांनी शेवाळाची जनुकेही उचलली आहेत, असे वाचले होते. ते खरे आहे का?

२००८ च्या सुमारास तसा दावा झाला होता. नंतरच्या अधिक बारकाईच्या तपासण्यांत त्याला आधार मिळाला नाही. हरितलवके आईकडून पिल्लांकडेही जात नाहीत. प्रत्येक पिढीला ती नव्याने खाऊनच मिळवावी लागतात.

इंटरनेटवर गाजलेली ‘पानांची मेंढी’ घरच्या टाकीत पाळता येईल का?

ती कोस्टासिएला कुरोशिमाई. तिचे वर्णन १९९३ मध्ये जपानमधील कुरोशिमा बेटावरून झाले. पाळू नये, असेच मी आग्रहाने सांगेन. ती ठरावीक शेवाळ खाते, ते शेवाळ टाकीत टिकवणे अवघड असते, आणि ते संपले की ही काही मिलिमीटरची गोगलगाय मरते.

कोकणात किंवा गोव्यात अशा गोगलगायी पाहता येतील का?

शोधायला नक्कीच जावे. रत्नागिरी, मालवण, गोव्यातील हणजुणे अशा खडकाळ किनाऱ्यांवर कॉलर्पाचे अनेक प्रकार वाढतात, आणि जिथे त्यांचे शेवाळ आहे तिथे त्यांचा शोध घेण्यात अर्थ आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेले दीपक आपटे आणि विशाल भावे यांनी लक्षद्वीप व कच्छच्या आखातातील समुद्री गोगलगायींच्या सचित्र नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी सर्वसामान्य लोकांसाठी फेऱ्या काढत आला आहे. हिंद महासागरातून आलेला प्रत्येक नीट नोंदलेला नमुना मोलाचा आहे, कारण वर सांगितलेल्या छुप्या प्रजातींपैकी बऱ्याच हिंद-प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या आहेत.

पावसाळ्यानंतर समुद्र निवळला की अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या सुकतीला जावे, आणि भरती उलटण्याच्या वेळेचे भान ठेवावे. खडकांतल्या डबक्यांत उभ्याने पाहून काही दिसत नाही. एका घोसासमोर उकिडवे बसून पाच-दहा मिनिटे नजर स्थिर ठेवावी लागते. प्राण्याआधी बहुधा त्याची अंडी दिसतात. शेवाळावर चिकटलेली, पांढरट किंवा पिवळसर, नाजूक गुंडाळी दिसली की तिच्या आसपासचे पान अन् पान पाहावे. शेवाळ उपटू नये, आणि उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा.

फोटोवरून प्रजातीची ओळख पटेल का?

वंशापर्यंत अनेकदा पटेल, प्रजातीपर्यंत कधी कधीच. फोटो उपयोगी ठरावा म्हणून प्राणी वरून, बाजूने, आणि पाळी आपसूक उघडल्या असतील तर आतून टिपावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. डोक्यावरची शिंगांसारखी दोन स्पर्शके स्पष्ट यायला हवीत, कारण ती पन्हाळीसारखी गुंडाळलेली आहेत की साधी गुळगुळीत, यावरून गट ठरवायला मदत होते. सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शेवाळाचा स्वतंत्र फोटो. गोगलगायीचे दहा सुरेख फोटो असूनही ती कशावर बसली होती हे कळत नसेल, तर अभ्यासकाचा पहिला प्रश्न तोच असतो. ठिकाण, तारीख आणि अंड्यांचा फोटो जोडून ही नोंद आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी, आणि खात्री नसेल तेव्हा प्रजातीचे नाव न लिहिता फक्त वंशाचे नाव लिहावे.